मे महिन्यातल्या त्या हिरव्या भाताविषयी

मी, एतेल्विना योंतोप, कै. नाझारियो चाफ्लोके यांची पत्नी, वय शहात्तर, काम घर सांभाळणे व कोंबड्या पाळणे, राहणार मोन्सेफू, चिक्लायो प्रांत, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डाव्या गुडघ्याशिवाय शरीराची तक्रार नाही. मला कोणी धमकावलेलं नाही आणि गोड बोलून लिहून घेणाराही घरात कोणी उरलेला नाही. नोटरी उबाल्दो सेन्माचे साहेबांनी बजावलं आहे, की आधी मालमत्ता लिहा, मनातलं नंतर. तसाच प्रयत्न करते.

कलम १. घर. बाजारामागच्या गल्लीतलं कच्च्या विटांचं घर, मागचं स्वयंपाकघर, परस आणि खुराडं. आपल्या कायद्याप्रमाणे दोन तृतीयांश मुलांचं, त्याला मी हात लावू शकत नाही. ते माझा मुलगा अनिबाल आणि मयत मुलगी देल्मिराच्या जागी तिची मुलगी नायेली यांनी निम्मं-निम्मं घ्यावं. उरलेला तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा आहे. तो मी देल्मिराचा नवरा, माझा जावई रोमान चांकाफे, याला देते. हे वाचून अनिबाल टेबलावर मूठ आपटेल. आपट, बाबा. पण आधी कलम सहा वाच.

कलम २. माझ्या नवऱ्याचा ट्रंपेट. चाळीस वर्षं सप्टेंबरच्या जत्रेत त्याने तो वाजवला. माझ्याशी भांडण झालं की परसात जाऊन वाजवायचा, त्यामुळे आमची भांडणं गल्लीला सुरांसकट पाठ होती. तो बँडमास्तर सेगुंदो निकेन यांच्याकडे द्यावा. त्यांनी तो विकू नये. ज्याची छाती मजबूत असेल त्याला द्यावा.

कलम ३. माझी नणंद ओर्तेन्सिया हिने अनिबालच्या बारशाला तांब्याचं मोठं पातेलं उसनं नेलं. अनिबाल आता पन्नास वर्षांचा आहे. ते पातेलं मी तिला रीतसर देऊन टाकते, म्हणजे वर गेल्यावर तिला त्याचा जाब द्यावा लागणार नाही.

कलम ४. पतपेढीत जे आहे त्यातून माझी पेटी आणि खड्डा करावा. पेटी साधी असावी. कोंबड्या शेजारीण क्लोरिंदा काइसेदो हिला द्याव्यात. तांबडी कोंबडी अंडी लपवते, चिंचेखाली बघावं.

कलम ५. स्वयंपाकघरातलं सगळं नायेलीला. त्यात माझ्या आईकडून आलेला दगडी पाटा आहे. तो चार माणसांनी उचलायचा, तिघांनी नाही. लाकडी डाव यादीत नाही, कारण तो मी जाळला.

आमच्या घरचा हिरवा कोंबडी-भात आजवर कुठे लिहिलेला नव्हता, तो इथे लिहिते. कोंबडीचे मोठे तुकडे मीठ-जिरं लावून तेलात लाल करावेत आणि बाजूला काढावेत. त्याच तेलात कांदा, लसूण आणि पाट्यावर वाटलेली पिवळी मिरची परतावी. मग किसलेला लाल भोपळा टाकावा आणि तो दिसेनासा होईपर्यंत हलवावं. मग वाटलेली कोथिंबीर. तिचा कच्चा वास जाऊन दुसरा, गोडसर वास येईपर्यंत परतावी. इथे घड्याळ चालत नाही, नाकच लागतं. मग चिचा, म्हणजे मक्याची आंबवलेली दारू, ओतावी, कोंबडी परत सोडावी, मऊ झाली की काढून घ्यावी आणि त्या रसात तांदूळ व वाटाणे शिजवावेत. वरून कांदा-लिंबाची कोशिंबीर. तळाची खरपुडी ज्याने भांडी घासायची त्याची, हा आमचा नियम.

एका पातेल्याला कोथिंबीर दोन जुड्या. दोनच.

कलम ६. आता मनातलं.

दोन हजार वीस सालच्या मे महिन्यात, दुसऱ्या रविवारी, आईचा दिवस होता. त्या वर्षी रविवारी कोणालाच घराबाहेर पडायला परवानगी नव्हती. चिक्लायोच्या इस्पितळात माणसं अंगणात झोपवत होते, हे आम्ही रोज ऐकत होतो. देल्मिरा, रोमान आणि नायेली तीन गल्ल्या सोडून राहत होते. शुक्रवारी रोमानचा फोन आला.

“आई, या रविवारी राहू द्या. बंदी आहे. आणि तुम्ही दोघं म्हातारी.”

मी म्हटलं, “म्हातारी असशील तू. आईच्या दिवशी लेक दारात आली नाही तर लोक काय म्हणतील, एतेल्विना मेली की काय?”

“लोक घरात कोंडलेत, आई. बघायला कोण येतंय?”

“मग तर याच. कोणी बघणार नाही.”

तो हसला. माझ्यापुढे त्याचं कधी चाललं नाही, वीस वर्षांत नाही. शनिवारी अंधार पडायच्या आत तो दोघींना घेऊन मुक्कामालाच परसाच्या भिंतीवरून आला. सगळ्यात शेवटी नायेलीला त्याने खांद्यावरून उतरवली.

हे नीट वाचावं. मला गुरुवारपासून खोकला होता. मंगळवारी मी बाजारात कोथिंबीर आणि भोपळ्यासाठी दीड तास रांगेत उभी होते, माणसाला माणूस चिकटून. खोकला धुळीचा आहे असं मी नाझारियोला सांगितलं आणि स्वतःलाही.

रविवारी सकाळी मी कोथिंबीर वाटली. पाट्यावर हिरवा लगदा झाला, हात हिरवे झाले. वास आला नाही. मला वाटलं, जुड्या शिळ्या असतील. परतायला टाकली. वास नाही. लसूण जवळजवळ जाळला, तरी नाही. तेवढ्यात भिंतीपलीकडून क्लोरिंदा ओरडली, “अगं एतेल्विना, काय छळ लावलाय! गल्लीभर वास सुटलाय. आम्ही इथे नुसती उकडलेली रताळी खातोय!”

मी डाव हातात धरून उभी राहिले. गल्लीभर वास होता. माझ्याच चुलीपाशी नव्हता.

रेडिओवर आठवडाभर सांगत होते, की वास जातो आणि चव जाते, ती या रोगाची खूण, अशा माणसाने वेगळं राहावं. मी ते कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. “कळलं नाही” असं मी इथे लिहिणार नाही.

दार लावून घेता आलं असतं. पदार्थ बिघडला म्हणून सांगून सगळ्यांना पाठवता आलं असतं. पण कोंबडी लाल झालेली होती, पाहुणे आलेले होते, आणि ज्या बाईचा भात गल्लीत नावाजलेला, तिने लेकीला पातेल्यावरून उठवायचं कसं, हे मला सुचलं नाही. खरं तर मी सुचू दिलं नाही. मी आणखी दोन जुड्या वाटून टाकल्या, वास येईल म्हणून. मग मीठ कळेना, म्हणून देल्मिराला हाक मारली.

“चाख गं जरा.”

“तूच चाख ना. तुझ्या हाताला कधी चूक झालीय?”

“मी सकाळपासून चाखून चाखून थकले. घे.”

तिने माझ्या तोंडातून निघालेला डाव स्वतःच्या तोंडात घातला. म्हणाली, “मीठ बरोबर आहे. पण आई, आज कोथिंबीर काय शेतासकट टाकलीस? कडू लागतंय.” मग नाझारियोने चाखलं, त्याच डावाने. आमच्यात स्वयंपाकीण डाव पुढे करते तेव्हा घरचं माणूस नाही म्हणत नाही.

जेवताना सगळे मला हसले. नाझारियो म्हणाला, “आज आपण बकऱ्या झालो.” रोमानने मात्र तो कडू भात दोनदा वाढून घेतला.

नवव्या दिवशी नाझारियोचा श्वास अडकला. रोमानने एक रिकामी टाकी आपल्या रिक्षात घातली आणि दोन दिवस आणि एक रात्र तो प्राणवायूच्या रांगेत उभा राहिला. टाकी भरून आणली तेव्हा नाझारियोला पांढऱ्या पिशवीत घालून नेलं होतं. ती टाकी त्याने तशीच देल्मिराकडे नेली, तोवर तिलाही धाप लागली होती. ती तिला पाच दिवस पुरली. देल्मिरा गेली तेव्हा बेचाळीस वर्षांची होती.

दोघांनाही नेताना आम्ही रस्त्याच्या पलीकडून पाहिलं, जवळ जाऊ देत नव्हते. तिथे शेजारच्या बायकांनी मला विचारलं, “पण घरात आलं कुठून हे?” आणि मी म्हटलं, “रोमान रिक्षा चालवायचा ना चोरून. त्यानेच आणलं.”

हे वाक्य पहिल्यांदा माझ्या तोंडून गेलं. अनिबालने ते माझ्याकडून घेतलं आणि गल्लीने अनिबालकडून. बंदी असताना रोमान रिक्षा काढत होता हे खरं आहे, दूध आणि औषधं पोचवायला. पण तो आणि नायेली आजारी पडले ते त्या जेवणानंतर, आणि मी जेवणाआधी. तारखा मी मनात शंभरदा मांडल्या आहेत. एकदाही वेगळं उत्तर आलं नाही.

अनिबालने रोमानच्या रिक्षाची काच दगडाने फोडली. “बायकोला खाल्लंस, सासऱ्याला खाल्लंस, आता पोरीला सोड,” असं ओरडून नायेलीचा हात धरून तिला माझ्याकडे आणलं. ती चौदा वर्षांची होती. रोमान माझ्याकडे बघत होता. मी खाली बघितलं. त्याला वाटलं मी दुःखात आहे. त्याने मुलगी सोडली, कारण त्यालाही ते खरंच वाटलं होतं. अजून वाटतं. माझ्यामुळेच झालं, असं तो मला दारात उभा राहून म्हणाला आहे, आणि मी त्याला म्हटलं आहे, “देवाची मर्जी, पोरा.”

ऑगस्टमध्ये माझं नाक परत आलं. सगळ्यात आधी कोथिंबिरीचाच वास आला. मी डाव चुलीत घातला. पण भात बंद केला नाही. बंद केला असता तर नायेलीने कारण विचारलं असतं. पाच वर्षं दर रविवारी मी तो शिजवला आणि तिला वाढला. बाप महिन्यातून एकदा फळं घेऊन दारात यायचा, तेव्हा ती आतून म्हणायची, “आजी, सांग मी नाही.” आणि मी जाऊन सांगायची.

मी, एतेल्विना योंतोप, शपथेवर लिहिते: तो रोग त्या घरात रोमान चांकाफेने आणला नाही. मी आणला, मला समजलं, आणि मी पातेलं उतरवलं नाही.

कलम ७. अनिबालने रोमानची माफी मागावी. रिक्षाच्या काचेची नाही, त्या वाक्याची. रोमानने ती द्यावी असं बंधन नाही. मला कोणी माफ करावं असं मी लिहिलेलं नाही आणि लिहिणार नाही. माझ्या मरणानंतरच्या प्रार्थनेच्या नऊ दिवसांत लोकांना कॉफी आणि पाव द्यावा. भात शिजवू नये.

कलम ८. हे पाकीट बंद करून माझ्या मरणानंतर उघडावं, असा माझा विचार होता. सेन्माचे साहेबांनी मसुदा वाचला, चष्मा पुसला आणि म्हणाले, “कायद्याने चालेल, बाई. पण मेलेल्या माणसाला पोरगी काय विचारणार?” मी घरी गेले आणि तीन आठवडे परत आले नाही.

म्हणून हे कलम आज, त्यांच्या कचेरीत बसून लिहिते आहे. रोमान आणि नायेलीला मी दोन वेगळी कारणं सांगून बोलावलं आहे. दोघं बाहेरच्या खोलीत दोन टोकांना बसली आहेत. मी हे सगळं त्यांच्यासमोर स्वतः वाचणार आणि मग सही करणार. वाचून झाल्यावर नायेली माझ्याकडे राहिली नाही तरी कलम एक व पाचमधलं तिचं काही कमी होत नाही. ती बापाकडे गेली तर तिला अडवू नये. मला सांभाळायला कोण, हा प्रश्न या मृत्युपत्राचा नाही.

(सही) एतेल्विना योंतोप

वाचनाचे साक्षीदार:
(सही) क्लोरिंदा काइसेदो, शेजारीण
(सही) सेगुंदो निकेन, बँडमास्तर

नोटरीचा शेरा: वरील दस्तऐवज मृत्युपत्रकर्तीने माझ्यासमोर व साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचला. कलम सहा संपल्यावर कु. नायेली चांकाफे उठून बाहेर गेल्या. श्री. रोमान चांकाफे उभे राहिले. “त्या दिवशी भात कडू होता, मला वाटलं नुसता हात चुकला,” एवढे बोलून तेही गेले. त्यांची उपस्थिती आवश्यक आहे का, असे मृत्युपत्रकर्तीने मला विचारले. आवश्यक नाही, असे मी सांगितले. त्यांनी कलम सात व आठ रिकाम्या खुर्च्यांसमोर वाचून पूर्ण केले व सही केली. त्यानंतर त्यांच्या विनंतीवरून मी खिडकीतून रस्ता पाहिला, व जे दिसले ते येथे नोंदवावे असा त्यांचा आग्रह असल्याने नोंदवतो: मुलगी चालत पुढे गेली होती. वडील बरेच मागे होते. कोपऱ्यावर पोचल्यावर मुलगी थांबली.

(सही व शिक्का) उबाल्दो सेन्माचे
चिक्लायो, दि. १८ जुलै २०२५