पावडरची रेघ

कोल्हापूर,
सोमवार

प्रिय शांभवी,

चंदगडहून तुझा फोन येतो, तू "बरं हाय अप्पा" एवढंच म्हणतेस आणि आईकडे द्यायला सांगतेस. म्हणून हे पत्र. दहावीनंतर हातात पेन धरलं ते गिरणीतल्या डब्यांवर नावं घालायला, तेव्हा अक्षराकडे बघू नकोस.

आईकडून कळलं की एक तारखेपासून तू मामाच्या ओळखीनं काजूच्या कारखान्यात प्रतवारीच्या कामाला लागणार आहेस. मेकअपची पेटी कुणाला तरी देऊन टाका म्हणालीस. बिद्रीच्या लग्नानंतर आपल्या हातात काही राहिलं नाही, असंही म्हणालीस म्हणे. त्या हाताविषयी मला चार गोष्टी सांगायच्या आहेत. समोर असतीस तर बोलता आल्या नसत्या.

तू हा मेकअपचा कोर्स धरलास तेव्हा मला आवडलं नव्हतं, हे तुला ठाऊक आहे. नेसरीच्या शाळेत आम्हाला साधं राहायला शिकवलं, घरी सकाळची पूजा आणि विभूती, तेवढाच चेहऱ्याचा संस्कार. पोरीनं लोकांची तोंडं रंगवायची, हे काही माझ्या मनाला पटेना. मग एक दिवस गल्लीतली म्हातारी चिमणाबाई जोंधळे घेऊन गिरणीत आली. नातवाचं लग्न दोन दिवसांवर होतं. फोटोत माझं डोळंच दिसत न्हाईत म्हणून कुरकुरत होती. तू तिला पोत्यावरच बसवलंस. मी पट्टा चालू ठेवून बघत होतो.

बाटलीतलं लायनर तू घेतलंच नाहीस. म्हातारीच्या पापणीला सुरकुत्या, त्यात ते ओघळतं, असं तू मला नंतर सांगितलंस. तू एक बारीक, तिरप्या टोकाचा ब्रश काढलास, टोक पाण्यात बुडवून हाताच्या पाठीवर पुसलंस आणि काळ्या पावडरीत हलकेच टेकवलंस. रेघ ओढली नाहीस. केसांच्या मुळाशी एक ठिपका, त्याला लागून दुसरा, बाहेरच्या कोपऱ्यातून आत. वर कोरडी पावडर दाबलीस. तीस वर्षं मी पीठ चिमटीत धरून त्याचा बारीकपणा ओळखतो, पण पावडरीला असं वागवताना कुणाला पाहिलं नव्हतं. चिमणाबाईनं डब्याच्या झाकणात बघितलं आणि म्हणाली, "ह्ये डोळं माझंच हाईत न्हवं? का सुनंचं लावलंस?" गिरणीतले सगळे हसले. तू हसली नाहीस, दुसऱ्या डोळ्याकडे वळलीस.

मला त्या वेळी जे वाटलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी मी इष्टलिंग तळहातावर घेऊन बसतो. नजर तिथं असते, मन मात्र गिरणीच्या पट्ट्यापाशी, नाहीतर गल्लीतल्या भांडणात. तुझं मन त्या म्हातारीच्या पापणीवरून हललं नाही. श्वाससुद्धा तू धरून ठेवला होतास. माझ्या पोरीला जे येतं ते मला पूजेत येत नाही, असं वाटलं, आणि वाईट वाटलं नाही. उलट त्या दिवसापासून तुझी पेटी उचलून लग्नाला यायला मला आवडू लागलं. नवऱ्या मुली रडतात, तरी तुझी रेघ उतरत नाही, हे मी कार्यालयांच्या दारात उभा राहून पाहिलंय.

आता बिद्री. नवरीच्या, आदितीच्या, डोळ्यांना तू सकाळी रेघ केलीस तेव्हा ती काळीभोर होती, मी स्वतः बघितली. आदिती बोहल्यावर चढेपर्यंत रेघ करडी झाली, पांढरट झाली. नवऱ्याची आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "पोरीच्या डोळ्यास्नी राख फासलीया जणू. ह्येचं शिक्षण घेतलंय व्हय?" तू मान खाली घालून "माझंच चुकलं" म्हणालीस, रेघ पुसलीस आणि बाटलीतलं लायनर लावलंस. येताना गाडीत एवढंच बोललीस की पावडरीवर भरवसा ठेवायलाच नको होता.

शांभवी, ती राखच होती.

आदल्या संध्याकाळी तू ब्रश धुऊन देवघराच्या फळीवर वाळत घातले होतेस. पहाटे मी पूजेला बसलो. इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीच्या नक्षीत जुनी विभूती घट्ट बसली होती, फडकं तिथवर पोचेना. तो तिरप्या टोकाचा ब्रश हाताशी होता. गिरणीवाल्याचा हात, पीठ दिसलं की कुंचा शोधतो. मी त्यानं नक्षी झाडली, ब्रश बोटावर आपटला आणि होता तिथं ठेवला. केसांच्या मुळात विभूती राहिली असणार. विभूती ओली असते तेव्हा कपाळावर दिसत नाही, वाळली की पांढरी उठते. ब्रश ओला केल्यावर तुला ती दिसणारच नव्हती.

आत्याबाईंच्या तोंडून राख शब्द आला त्या क्षणी मला सगळं कळलं. मी जेवणाच्या पंगतीशी, तुझ्यापासून दहा पावलांवर उभा होतो. पुढं होऊन बोलायला हवं होतं. पण देवाची डबी पोरीच्या मेकअपच्या ब्रशनं झाडली, हे चार लोकांत आणि आपल्या समाजाच्या माणसांसमोर कसं सांगायचं, याची मला लाज वाटली. तू मान खाली घातलीस आणि मी हात धुवायला निघून गेलो. त्याला आज अकरा दिवस झाले. रोज पूजेला बसतो, तळहाताकडे बघवत नाही.

आज सकाळी बिद्रीला जाऊन आलो. आदितीच्या आईला, सुरेखाताईंना, सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "आमास्नी सांगायला आलासा, पोरीला सांगितलासा का?" मी नाही म्हणालो. मग त्यांनी चहाचंही विचारलं नाही, "आधी जावा" म्हणाल्या. एसटीतून उतरलो तो गिरणी न उघडता हे लिहायला बसलो. एक तारखेला काजूच्या कारखान्यात जायचं की नाही ते तू ठरव, मी काही म्हणणार नाही. पण ठरवताना बिद्रीचा तो दिवस माझ्या नावावर टाक आणि मग ठरव.

तुझाच,
अप्पा