तिसऱ्या पायरीवरचा लाल पट्टा

४ जानेवारी

पट्टा आला! धरणाचे दोन मोजणीदार सकाळपासून गल्लीत दुर्बीण लावून बसले होते. पाणी जिथवर चढणार, तिथे प्रत्येक घरावर लाल तैलरंगाचा पट्टा. नियम साधा – पट्टा उंबऱ्याच्या वर असेल तर घर बुडणार, नव्या वसाहतीत जागा मिळणार. खाली असेल तर घर वाचलं, बसा इथेच.

जाऊबाईंच्या दाराला पट्टा थेट कडीशी. त्यांची आमची भिंत एकच, पण गल्ली चढाची, म्हणून आम्ही पाच पायऱ्या वर. आमचा पट्टा तिसऱ्या पायरीवर. वाचलो! जावेपासूनही सुटले!

एक धरण तीन कामं करणार म्हणे – वीज, कालवे, पूर अडवणं. आमच्या ह्यांना एक काम सांगितलं तर तीन महिने!

९ जानेवारी

भांडण. विषय – काजं. शाळेच्या गणवेशांची शिलाई माझी, काजं-बटणं जाऊबाईंची. भावजी गेल्यापासून सोळा वर्षं हेच चालू. मधल्या भिंतीत एक खिडकी आहे, तिच्यातून कपडे इकडून तिकडे. माझ्या बाजूने ती जमिनीलगत, त्यांच्या बाजूने डोक्याशी. म्हणजे मी बसून भांडते, त्या उभ्या राहून. म्हणून त्या लवकर दमतात.

आज म्हणाल्या, "राहा तू तुझ्या कोरड्या घरात राणीसारखी!" आणि खिडकी धाडकन लावली.

१० जानेवारी

खिडकी बंद. काय शांतता! मजेत आहे.

१३ जानेवारी

सुईत दोरा ओवता येईना. सोळा वर्षं खिडकीतून ओवलेल्या सुया येतात – दहा-दहा, चिंधीला टोचून. माझे डोळे कधी गेले, मला कळलंच नाही. शेवटी ह्यांना बसवलं. भिंती रंगवणारा माणूस, बोटं ही जाड! पाऊण तासात एक सुई. वर विचारतात, "वहिनी गेल्यावर काय करशील?" म्हटलं, "चष्मा बदलेन." नेहमी हसतात, आज हसले नाहीत.

१४ जानेवारी

खिडकी आधी कुणी उघडली ते लिहिणार नाही. (मी.)

११ फेब्रुवारी

किराणावाला बुडणार, म्हणजे वसाहतीत जाणार. गिरणी जाणार. दवाखाना, शाळा – सगळे पट्ट्याखाली. उरणार आम्ही दोघं, वरची दोन कुलूपबंद घरं आणि टेकडीवरचं टाकं. शेजारणी म्हणतात, नशीब काढलंस! मीही मान डोलावते.

भांडायचं कुणाशी? ह्यांच्याशी भांडणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. भिंत निदान 'हं हं' तरी करत नाही.

मला भीती वाटते. लिहून टाकलं एकदाचं. ह्यांना सांगायची नाही, आधीच अबोल माणूस.

२ मार्च

ह्यांनी घराला चुना काढला. दरवर्षीचं काम, त्यात नवल नाही. "चुन्याचा एक हात पुरे!" हे ह्यांचं ब्रीद. दुसरा हात मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे जन्माचा वैरी समजतात.

मी गणवेश पोचवून आले तर पायऱ्या पांढऱ्याशुभ्र. पट्टा गायब! म्हटलं, "अहो, सरकारी खूण पुसलीत?" म्हणाले, "अरेच्चा. चुना जरा दाट झाला असेल. परत काढून देतो."

३ मार्च

दिला काढून. सुरेख, सरळ, दाराच्या कडीशी! "कडीशी का?" – "वहिनींच्या दाराला कडीशीच आहे की. माप घेऊन आलो." अहो, आपण पाच पायऱ्या वर! तीस वर्षं रंगारी आणि एवढं कळू नये? हा माणूस पाण्याची नळी लावून लेव्हल बघितल्याशिवाय साधी खुंटी ठोकत नाही! म्हातारचळ, दुसरं काय. पुसा म्हटलं तर म्हणे तैलरंग आहे, आधी वाळू दे.

८ मार्च

वाळला – आणि यादीवाला आला. नवाच माणूस, दुर्बीण नाही, नुसती पेन्सिल. जानेवारीचे कागद कचेरीत कुठेतरी गहाळ, म्हणून खुणा बघून नवी यादी. पट्ट्याकडे पाहून म्हणाला, "वा, तुमचा सगळ्यांत सरळ!" आणि लिहिलं – बुडीत.

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर आलं, "पाणी आणू का?"

हे शिडीवर उभे राहून खिडकीची चौकट रंगवत होते. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही.

६ जून

वसाहत. सगळी घरं एकसारखी, मी दोनदा दुसऱ्याच्या दारात शिरले. जाऊबाईंची भिंत पुन्हा आमच्याच भिंतीला लागून. ह्यांनी स्वतःच्या घराला रंग लावायच्या आधी मधल्या भिंतीला भोक पाडलं! आता दोन्हीकडे जमीन सपाट, दोघी बसूनच भांडतो. जाऊबाई आता दमतच नाहीत. झालं की नाही नुकसान!

जुनं घर ह्यांच्या वडिलांनी बांधलेलं, ह्यांनी दरवर्षी रंगवलेलं. इथे हे नुसते भिंतींवरून हात फिरवतात.

१९ ऑक्टोबर

धरण भरलं. जाऊबाईंबरोबर बघायला गेले. त्यांचं घर दाराच्या कडीपर्यंत पाण्यात. आमचं उभं आहे. पाणी तिसऱ्या पायरीशी थांबलंय, उंबरा ठणठणीत कोरडा.

पायरीचा चुना सुटत होता. तैलरंगावर तो टिकत नाही, रंगाऱ्याच्या बायकोला एवढं कळतं. खाली जुना लाल पट्टा जिथल्या तिथे. हातात आलेला पापुद्रा उन्हात धरला, कडेने थर मोजले. चार. मग भिंतीचा खरवडून बघितला. यंदाचा थर एकच.

जाऊबाई विचारत होत्या, डोळ्यांत काय गेलं? चुना, म्हटलं.

घरी आल्यावर ह्यांना विचारलं, "अहो, त्या तिसऱ्या पायरीला किती हात मारले होते?"

"एक," म्हणाले. "दुसरा मी कधी मारतो का?"