किडनीबरोबर आलेली साखर

आई, तुझ्या धाकटीनं दीड वर्षापूर्वी मला तिची एक किडनी दिली, आणि आता मला मधुमेह झाला आहे. आपल्या घरात तो कुणालाच नव्हता. तू तर शेवटपर्यंत चहात तीन चमचे साखर घालायचीस. मग हा आला कुठून? आधी मी लॅबवर संशय घेतला. दुसरीकडे रक्त दिलं, तिथेही साखर तेवढीच. मग वाटलं, सून भाजीत गूळ घालते आहे. तिला विचारलं, तर तिनं गुळाचा डबा माझ्या कपाटात ठेवला आणि किल्ली माझ्या हातात दिली. मग उरली धाकटी.

मी सातवीत होते तेव्हा श्रीखंडाच्या पातेल्यात कुणाचं तरी बोट उमटलं होतं. मी स्वयंपाकघरात कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत धाकटीची उलटतपासणी घेते आहे आणि नगरपालिकेच्या शाळेतली ती प्रत्येक प्रश्नाला 'येस, येस' म्हणते आहे. तू उलथनं घेऊन मध्ये उभी. म्हणालीस, "जिला भाषा कळत नाही तिच्याकडून कबुली घेतेस?" बोट बाबांचं होतं, हे पुढे कळलं. तरी माझी खोड गेली नाही.

गेल्या महिन्यात दिंडोरीला तिच्या घरी गेले. द्राक्षं उतरवायचं काम चालू होतं, तरी ती बागेतून धावत आली. तिनं चहा ओतला आणि स्वतःच्या कपातही साखर घातली नाही. गुळाचे खडे खिशात घेऊन शाळेत जाणारी ही! मी तिथेच विचारलं, "तुला आधीपासून मधुमेह होता ना? लपवलास आणि रोगासकट किडनी दिलीस मला."

तिनं कप खाली ठेवला. म्हणाली, "ताई, गडावरच्या देवीला नवस बोललेय मी. तुझी किडनी दोन वर्षं नीट चालू दे, तोवर साखर सोडली. सांगायचं नसतं, तू सांगायला लावलंस." आणि वर, "लय पोलिसी डोकं हाय तुझं." ती हसली नाही.

माझा तरीही विश्वास बसेना. डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, तुमच्या बहिणीच्या साऱ्या तपासण्या झाल्या होत्या, तिला मधुमेह नाही. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून तुम्ही ज्या गोळ्या घेता, त्यांच्यामुळे काही जणांना असा मधुमेह होतो. ऑपरेशनआधी सही केलेल्या कागदात हे लिहिलं होतं, तुम्ही वाचलं असेलच. मी त्यांना म्हटलं, अर्थात.

त्यानंतर धाकटीला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा द्राक्षांची चौकशी करून ठेवून दिला. तिची माफी मागायची तर त्या कागदापासून सुरुवात करावी लागेल, म्हणून तिच्याऐवजी तुला लिहिते आहे, आणि हे कुठे पोचणार नाही ते मला ठाऊक आहे. तो कागद इंग्रजीत होता. आम्ही दोघींनी सही करण्याआधी तिनं मला विचारलं होतं, "ताई, तू वाचलंस ना सगळं?" मी म्हटलं, "ओळन् ओळ." चष्मा घरी राहिला होता, आई, आणि तिच्यासमोर तसं म्हणायची मला लाज वाटली.