दाराची दुसरी किल्ली

मी, खाली सही करणारा, धंद्याने कुलूपवाला, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. पुतण्या मदतीला बसला होता. त्याला बाहेर काढून दाराला आतून कडी घातली आहे.

१. राहतं घर पत्नीला. तिच्या हयातीत ते कोणीही विकायला काढू नये. पुतण्या हल्ली फार गोड बोलतो आणि बोलताना खोल्यांची लांबी नजरेने मोजतो.

२. कानशी, शिकंजा आणि किल्ल्या कापायचं मशीन गल्लीतल्या सायकलवाल्याला. माझी हातोडी त्याने आधी परत आणून द्यावी. मग तीही त्याचीच.

३. पुराचं सांगणं भाग आहे. पाणी आलं तेव्हा आमच्या दाराला मीच बनवलेली तीन कुलपं होती. लाकूड फुगलं, एकही उघडेना, आणि आम्ही दोघं आत. शेजारच्या शिंपीणबाईंनी पहारीने खिडकीचे गज वाकवून आम्हाला बाहेर काढलं. शिंपिणीकडे पहार कशाला, हे मी अजून विचारलेलं नाही.

पाणी ओसरल्यावर याचं पातेलं त्याच्या घरात, त्याची खुर्ची भलत्याच्याच. गल्लीत कोणी कोणाशी धड बोलेना. तेव्हा शिंपीणबाईंनीच तोड काढली: कामावर जाताना किल्ली शेजारी ठेवायची आणि शेजाऱ्याने दारं-खिडक्या उघडून भिंती वाळवायच्या. दार उघडायला आलेली माणसं हळूहळू चहाला थांबू लागली. पातेली आपापल्या घरी गेली. भांडणंही पूर्वीसारखी मोकळेपणाने होऊ लागली.

त्यासाठीच्या जादा किल्ल्या मीच कापल्या. आमच्या दाराला पुरानंतर एकच कुलूप ठेवलं, पण त्याची किल्ली तेवढी कोणाला दिली नाही. आम्ही दोघं दिवसभर दुकानात, घर बंद, तरी भिंती गल्लीबरोबरच वाळल्या. हा कुलपाच्या दर्जाचा परिणाम असावा.

४. पत्नीचे गुडघे गेले आहेत. मी नसताना ती आत पडली तर दार कोण उघडणार, या भीतीने माझा डोळा लागत नाही. म्हणून माझ्या गळ्यातली दुसरी किल्ली शिंपीणबाईंना द्यावी. त्यांनी आत येताना हाक मारावी. कपाटाकडे पाहू नये.

५. वरचं कलम पत्नीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "अहो, किल्ली त्यांच्याकडे केव्हाचीच आहे. पूर ओसरल्यावर लगेच दिली. नाहीतर भिंती कशा वाळल्या असत्या?"

"कापली कोणी?"

"बाजारातल्या कुलूपवाल्याने. तुम्ही कापून दिली असती का?"

इतकी वर्षं मी रोज कुलूप दोनदा ओढून पाहत होतो.

तरीही कलम चार रद्द समजू नये. माझी किल्ली शिंपीणबाईंना द्यावीच. बाजारातल्याच्या हातची किल्ली ऐन वेळी अडकेल, आणि आत माझी बायको असेल.

साक्षीदार: डॉक्टरीणबाई. पोस्टमन. (दोघांनी आपापलं पेन आणलं आहे.)

सही: कुलूपवाला
दिनांक: दुकानाच्या सुट्टीचा वार, शुक्रवार
स्थळ: राहतं घर, पुढची खोली. साक्षीदार यायचे म्हणून कडी काढली होती, ती अजून घातलेली नाही.