चालू असलेला बंद दिवा

प्रति,
मा. अधीक्षक,
भांडार व निर्लेखन विभाग.

विषय : चिप-प्रयोगशाळेतील 'बंद' ठरवलेला दिवा बंद करू देण्याबाबत.
संदर्भ : आपल्या तपासनिसांनी त्यावर चिकटवलेली चिठ्ठी.

महोदय,

आमच्या प्रयोगशाळेत एका चिपकडून दुसऱ्या चिपकडे माहिती तांब्याच्या तारेतून विजेने न पाठवता केसाएवढ्या काचेच्या तारेतून प्रकाशाने पाठवतात. तांब्याची तार तापते आणि फुकट वीज खाते, म्हणून हा खटाटोप. ज्या यंत्रातून हा प्रकाश निघतो, त्याची नोंद आपल्या विभागाने 'दिवा' अशी केली. मी हरकत घेतली, तर उजेड देतो म्हणजे दिवाच, असे उत्तर मिळाले.

वार्षिक तपासणीला आलेल्या तपासनिसांना या दिव्याचा उजेड दिसेना. हा प्रकाश माणसाला दिसत नाही, पण डोळा जाळतो, हे मी घसा कोरडा पडेपर्यंत सांगितले. "न दिसणारा उजेड म्हणजे अंधारच की," असे म्हणून ते तारेच्या टोकाला डोळा लावायला वाकले. मी त्यांची कॉलर धरून त्यांना मागे ओढले. त्यांचा डोळा वाचला. माझ्यावर मात्र अधिकाऱ्याच्या अंगावर हात टाकल्याचा ठपका आला, दिव्यावर 'बंद' अशी चिठ्ठी लागली, खोलीला सील ठोकले गेले आणि मला आत जायला मनाई झाली. दिवा आत चालूच राहिला.

'बंद' ठरले म्हणून आपल्या विभागाने हे यंत्र निर्लेखित करून भंगारात काढू नये, अशी विनंती मी यापूर्वी केली होती. ती आता सोडून देतो. सारी मेहनत मातीमोल होते आहे याचा संताप येतो, तोही गिळतो. मला फक्त आत जाऊन बटण दाबू द्यावे. आपल्या कार्यालयाचे म्हणणे असे, की बंद वस्तू बंद करण्याची तरतूद नाही, आणि ती चालू आहे असे मानायचे तर फेरतपासणी हवी, जी पुढच्या वर्षी होते. बाहेरून वीज तोडावी म्हणून वायरमनच्या हातापाया पडलो. तो म्हणाला, "साहेब, बंद दिवा बंद करायला गेलो तर लोक मला वेड्यात काढतील."

उद्या सकाळी भंगारवाला येणार आहे. माणूस भला आहे, पण कसलेही टोक हाती आले की एक डोळा मिटून दुसरा त्याला लावायची त्याला सवय आहे. चिठ्ठी वाचून तो निर्धास्तपणे पाहील, आणि या वेळी मागे ओढायला मी आत नसेन.

आपला नम्र, सीलबंद दाराबाहेर उभा,
चिप-जोडणी अभियंता

दिनांक : आजचाच. उद्याचा चालणार नाही.

सोबत : संरक्षक चष्मा, एक. मला आत सोडायचे नसेल, तर भंगारवाल्याला द्यावा.