जन्मदाखल्यावरची आई

अजमान,
१२ जानेवारी २०२५

तीर्थस्वरूप आईंना मुग्धाचा शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोनवर सुजीत शेजारी असतो आणि तुमचा स्पीकर सगळ्या सोसायटीला ऐकू जातो, म्हणून लिहिते आहे. शेजारचे रामेश्वर उद्या पुण्याला निघालेत, त्यांच्या हाती पाठवते.

समिधा मजेत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. तुमच्या चकल्या तिनं आणि तुमच्या लेकानं मिळून चार दिवसांत फस्त केल्या.

तिच्या ब्रिटिश पासपोर्टचा अर्ज गेल्या महिन्यात ऑनलाइन भरला. तुम्ही नेहमी सांगता तसं, तुम्ही आणि बाबा काकांकडे राहायला गेला होतात तेव्हा सुजीत लेस्टरला जन्मला, म्हणून तिला हक्क आहे. त्याचा स्वतःचा पासपोर्ट जुन्या, लहान दाखल्यावर निघालेला. त्यावर नुसतं नाव, तारीख आणि गाव. पुढे तो फक्त रिन्यू होत आला. मुलीसाठी मात्र बापाचा पूर्ण जन्मदाखला लागतो, त्याच्या आईवडिलांच्या नावांसकट. तो मी इंग्लंडहून मागवला. अर्जात आजी-आजोबांच्या रकान्यात तुमचं आणि बाबांचं नाव घालून मी मोकळीही झाले होते.

गेल्या सोमवारी दाखला आला. सुजीत दुबईत अल क्वोजला वर्कशॉपवर होता. आई, मी तो तीनदा वाचला. वडील दत्ताराम, आई नर्मदा. म्हणजे आपले लेस्टरचे काका-काकू. तिकडच्या कारकुनाची चूक असेल म्हणून सगळं ताडून पाहिलं, पण तारीख आणि हॉस्पिटल बरोबर जुळतं.

सुजीत रोज विचारतो आणि मी इन्शाल्ला उद्या येईल म्हणून वेळ मारून नेते. महिनाअखेर कागद गेले नाहीत तर अर्ज बाद होईल. ही चूक आहे, एवढंच मला कळवा. मग माझा जीव भांड्यात पडेल.

माया आहेच, ती अशीच राहू द्या.

आपली,
मुग्धा

पुणे,
१९ जानेवारी २०२५

चि. सौ. मुग्धास अनेक आशीर्वाद.

चूक नाही. तुझं पत्र वाचून मी देवघरासमोर बसले ती दुपारपर्यंत उठले नाही. चव्वेचाळीस वर्षं जे झाकलं, ते तुमच्या एका अर्जानं उघडं पडेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

माझी तीन बाळंतपणं वाया गेली होती. नर्मदावहिनींना दोन मुलगे होतेच. तिसऱ्या बाळंतपणानंतर त्या सुजीतला घेऊन लेस्टरहून इकडे आल्या, आठ महिन्यांचा होता. घरच्या चार माणसांसमोर त्यांनी तो माझ्या ओटीत घातला, साखर वाटली आणि महिन्याभरानं रिकाम्या हातांनी परत गेल्या. घरातलंच मूल घरात, त्याला कोर्टकचेरी कशाला, असं सगळे म्हणाले. नावं नसलेला लहान दाखला वहिनींनीच मुद्दाम काढून पाठवला. शाळेत आमची नावं लागली. पुढे कुणी काही विचारलंच नाही.

सुजीतला सांगू नकोस. वहिनी जाऊन दोन वर्षं झाली, ह्यांना जाऊन सहा. आता सांगून कुणाचं भलं होणार? एवढी माझी लाज राख. समिधाला पापा.

तुझ्यावर भार टाकणारी,
आई

अजमान,
९ मार्च २०२५

ती. आईस सुजीतचा सा. न.

पाच आठवडे तुझा फोन उचलला नाही. मुग्धावर रागावू नकोस. माहिती खरी आहे, असं अर्जात लिहून द्यावं लागतं. ते माझ्याकडून खोटं लिहून घेणं तिला जमेना. दाखला हातात पडला तेव्हा मी गाडीत बसलो होतो. पार्किंगवाल्यानं काच वाजवून मला दवाखान्यात नेऊ का म्हणून विचारलं, इतकं तोंड उतरलं होतं.

आजी-आजोबांच्या रकान्यात काका-काकूंची नावं लिहिली, चूक कशी झाली त्याचा खुलासा जोडला. काल समिधाचा पासपोर्ट आला. ते काम खलास.

मला दिलं, घेतलं, याचा राग नाही. तापात तू उशाशी बसायचीस, ते काही कुठल्या कागदानं खोटं ठरत नाही. पण एक गोष्ट पोखरते आहे. दोन वर्षांपूर्वी काकू हॉस्पिटलात होत्या आणि मला भेटायचं म्हणत होत्या. मी तिकीट बघत होतो. तू म्हणालीस की म्हातारपणाचं दुखणं आहे, होतील बऱ्या, रजा वाया घालवू नकोस. मी गेलो नाही. नवव्या दिवशी त्या गेल्या. आई, त्या जाणार हे तुला माहीत होतं का?

हो किंवा नाही, एवढंच लिही.

सुजीत

पुणे,
१७ मार्च २०२५

चि. सुजीतास आशीर्वाद.

हो. डॉक्टरांनी आशा सोडल्याचं त्यांच्या थोरल्यानं तू तिकीट बघत होतास त्याच दिवशी मला कळवलं होतं.

तू गेलास आणि त्यांनी तुला खरं सांगितलं, तर परत येताना तू मला काकू म्हणशील, या भीतीनं मी तुला अडवलं. दुसरं काही कारण नाही. वहिनींनी मला पोटचं मूल दिलं. उभ्या जन्मात त्यांनी माझ्याकडे एकच मागितलं, तुझी एक भेट. तेवढं मी दिलं नाही.

लोभ ठेव असं लिहायला हात धजत नाही. तरी लिहिते.

आई