चालवून दाखव

१२ जून

प्रिय दादा,

साष्टांग नमस्कार, पण कंबर धरलीय म्हणून बसल्या जागेवरूनच. फोनवर मी कामाचं काढलं की तू आईच्या गुडघ्यांवर घसरतोस, म्हणून हे पत्र. आईचे गुडघे ठीक आहेत. आता ऐक: आम्ही जिंकलो!

दुसऱ्या कंपनीची मंडळी आमच्यात आली, हे तुला ठाऊक आहेच. दोघांचे प्रोग्रॅम जोडून रुग्णालयाला खाटांची एकच यंत्रणा द्यायची होती. त्यांची प्रोग्रॅमिंगची भाषा वेगळी, आमची वेगळी. आम्ही 'मेथड' म्हणायचं, त्यांनी 'मेंबर फंक्शन'. ज्या मूळ साच्यावरून बाकीचे साचे काढायचे, तो आमचा 'सुपरक्लास', त्यांचा 'बेस क्लास'. त्यांच्यातला टकलू तर माझं वाक्य पुरं होऊ द्यायचा नाही. "ताई, त्याला तसं म्हणत नाहीत!" रुग्णालय करार मोडायच्या बेतात, आणि आम्ही नावांवरून हमरीतुमरीवर.

शेवटी मी फळ्यावर नियम लिहिला: जो दुसऱ्याचा शब्द दुरुस्त करेल, तो सगळ्यांचे कप घासेल. पहिल्या दिवशी टकलूने घासले, मग मीही. मग जोड्या लावल्या, एक त्यांचा, एक आमचा. नाव घ्यायचं नाही, पडद्यावर बोट ठेवायचं आणि चालवून दाखवायचं. तूच मला असं शिकवलंस. म्हणाला होतास, "तू मला दादा म्हणतेस, तुझी वहिनी अहो म्हणते, तुझी लेक मामा. म्हणून ताटं तीन मांडता का?"

चालवून बघतो तर काय, खाटेचा मूळ साचा दोन्हीकडे तयार! आम्ही त्यांच्याकडे 'सुपरक्लास' मागतोय, ते आमच्याकडे 'बेस क्लास'. काखेत कळसा आणि गावाला वळसा. एक ठेवला, एक काढला. काढला तो आमचा. त्यांचा खरंच बरा होता, पण टकलूला सांगू नकोस.

आज सकाळी यंत्रणा सुरू झाली. सिस्टरबाईंनी एक रुग्ण हलवला आणि सगळ्या मजल्यांवरच्या पडद्यांवर त्याची खाट रिकामी दिसली. टकलू खुर्चीवर उभा राहून ओरडला. साहेबांनी विचारलं, ही युक्ती कुणाची? मी म्हटलं, माझ्या दादाची.

आता जे लिहायचं नाही असं ठरवलं होतं, ते. नोकरीच्या त्या मुलाखतीत तुझ्या जुन्या शब्दांना प्रश्न विचारणारी पोरं हसली, आणि घरी येऊन तू कॉम्प्युटरवर चादर टाकलीस. वहिनी हल्ली त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवते. मला ते बघवत नाही रे. तुला काम येत होतं, त्यांनी फक्त नावं विचारली.

साहेबांनी गुरुवारी तुला बोलावलंय. तुला न विचारता मी हो म्हटलंय. रागावायचं तर रागाव, पण ये. प्रश्नोत्तरं नाहीत. समोर आमचा प्रोग्रॅम, शेजारी टकलू, तू चालवून दाखवायचंस. शब्द तुझे जुनेच वापर. दुरुस्त करणाऱ्यासाठी मी साबणाची नवी वडी आणून ठेवलीय.

चादर काढून ठेव. बुधवारी न्यायला येते.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
चिमी